कमी वेगात पंखावरच्या हवेचं सक्रिय नियंत्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची बहुतेक आकडेमोड एकाच पंखासाठी केली आहे, म्हणजे उत्तरं एकमेकांशी ताडून पाहता येतील. छेद एनएसीए ००१५ (वर-खाली सारखा, जाडी कॉर्डच्या १५ टक्के), कॉर्ड, म्हणजे नाकापासून मागच्या कडेपर्यंतची लांबी, २०० मिमी, रुंदी ४०० मिमी, हवेचा वेग १२ मी/से. हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर धरली आहे. या पंखासाठी गतिक दाब (घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मा) सुमारे ८८ पास्कल येतो. त्याला क्षेत्रफळाने गुणलं की ७ न्यूटन. हा ७ न्यूटनचा आकडा पुढे वारंवार लागेल.

सक्रिय नियंत्रण कशाला म्हणायचं?

बाहेरून ऊर्जा देऊन पंखाजवळच्या हवेच्या वागण्यात बदल घडवला आणि तो हवा तेव्हा चालू-बंद करता आला, तर ते सक्रिय. फटीतून हवा फुंकणं, छिद्रांतून ओढून घेणं, पडदा थरथरवून हवेचे झटके देणं, विजेने हवा ढकलणं हे सगळं त्यात येतं. पृष्ठभागावर चिकटवलेल्या पात्या किंवा झिगझॅग पट्टी निष्क्रिय. फ्लॅप (पंखाचा मागचा, खाली वळणारा भाग) खाली करणं हेही नेहमीच्या अर्थाने यात धरत नाहीत, कारण तिथे पंखाचा आकारच बदलतो.

हवा पंखापासून सुटतेच कशामुळे?

पंखाच्या वरच्या अंगाला, नाकाजवळ, दाब सर्वात कमी असतो. तिथून मागच्या कडेपर्यंत हवेला वाढत्या दाबाविरुद्ध जावं लागतं. बाहेरच्या हवेकडे त्यासाठी पुरेसा वेग असतो. पृष्ठभागाला लागून असलेल्या पातळ थरातली हवा मात्र घर्षणाने आधीच मंदावलेली असते. कोन वाढला की दाबाचा चढ तीव्र होतो, तळची हवा थांबते, मग उलटी वाहू लागते आणि संपूर्ण प्रवाह पृष्ठभागापासून उचलला जातो. लिफ्ट (वर उचलणारं बल) कोसळते, ड्रॅग (मागे ओढणारं बल) कित्येक पट वाढतो. हाच स्टॉल.

लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत सीमास्तराची, म्हणजे याच पातळ थराची, कल्पना मांडली. त्याच निबंधात वृत्तचितीच्या एका बाजूच्या फटीतून प्रवाह ओढून घेऊन ती बाजू चिकटलेली ठेवता येते हेही दाखवलं होतं. सीमास्तर आणि त्याचं नियंत्रण ही जुळी भावंडं आहेत ती अशी.

कमी वेगात ही अडचण जास्त का?

‘कमी वेग’ या शब्दांखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची गल्लत फार होते. मोठं विमान उतरताना त्याचा वेग त्याच्या मानाने कमी असतो, पण रेनॉल्ड्स अंक (हवेच्या जडत्वाचं तिच्या चिकटपणाशी गुणोत्तर) कोटीच्या आसपास असतो. तिथे सीमास्तर आधीच खळबळलेला असतो आणि अडचण फक्त मोठ्या कोनाची किंवा खूप खाली केलेल्या फ्लॅपची असते. छोट्या पंखाचं तसं नाही. आपल्या उदाहरणात वेग गुणिले कॉर्ड भागिले शुद्धगतिक श्यानता (हवेचा चिकटपणा भागिले घनता) म्हणजे १२ × ०.२ ÷ ०.००००१५, रेनॉल्ड्स अंक १ लाख ६० हजार. साधारण ५० हजार ते ५ लाख या टप्प्यात सीमास्तर बराच अंतर शांत, स्तरीय राहतो. असा थर दाबाचा चढ जवळजवळ सोसतच नाही. तो सुटतो, हवेत खळबळतो आणि जमलं तर पुन्हा पृष्ठभागावर येऊन बसतो. मधल्या जागेला स्तरीय विलगतेचा बुडबुडा म्हणतात. हा बुडबुडा फुटला की स्टॉल एकदम येतो, हळूहळू नाही.

म्हणून मोठ्या विमानाच्या फ्लॅपवर यशस्वी झालेली मांडणी छोट्या पंखावर तशीच्या तशी आणून बसवू नका.

साध्या पात्यांनी काम होत नाही का?

पुष्कळदा होतं, आणि होत असेल तर तेच करा. सीमास्तराच्या उंचीएवढ्या पात्यांना वीज, नळी, झडप काहीच लागत नाही. त्यांचा तोटा एवढाच की गरज नसतानाही त्या ड्रॅग वाढवत राहतात आणि एकाच स्थितीसाठी बसवलेल्या असतात. उड्डाणातला बराच वेळ स्वच्छ पंख हवा आणि मोजके क्षण जास्त लिफ्ट हवी, किंवा त्याच यंत्रणेने विमान वळवायचंही आहे, अशा वेळी सक्रिय पद्धतीचा खर्च पटतो.

फुंकायचं किती, हे कसं ठरवतात?

झोताचा संवेग भागिले गतिक दाब गुणिले क्षेत्रफळ. या गुणोत्तराला संवेग गुणांक म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे ‘सी-म्यू’च म्हणतात. पंखाच्या पूर्ण रुंदीची फट असेल तर सूत्र सुटसुटीत होतं: सी-म्यू = २ × (फटीची उंची ÷ कॉर्ड) × (झोताचा वेग ÷ हवेचा वेग) यांचा वर्ग.

०.५ मिमी फट घ्या. झोत २४ मी/से, म्हणजे हवेच्या दुप्पट. २ × ०.००२५ × ४ = ०.०२, म्हणजे २ टक्के. फटीचं क्षेत्रफळ २ चौ. सेमी, त्यामुळे हवा लागते सेकंदाला ४.८ लिटर, मिनिटाला २८८ लिटर. एवढ्याशा पंखासाठी हे फार आहे. टाकीवाला छोटा कॉम्प्रेसर एवढा पुरवठा सलग करू शकत नाही, दाब घसरत जातो आणि मोजणीच्या सुरुवातीचा व शेवटचा सी-म्यू वेगळा निघतो. इथे जास्त दाबाची गरजच नाही. २४ मी/से झोताला फटीमागे साधारण ३५० पास्कल आणि वाटेतले तोटे एवढंच पुरतं. कॉम्प्रेसरऐवजी केंद्रोत्सारी ब्लोअर वापरा.

सलग फुंकण्याला साधारणपणे टक्क्यांत मोजावा लागणारा सी-म्यू लागतो. तेच काम योग्य वारंवारतेच्या झटक्यांनी पुष्कळदा ०.१ टक्क्याच्या आसपास होतं. या विषयातला सगळा फायदा या फरकात आहे.

थोडं थोडं फुंकून पाहिलं तर लिफ्ट उलट कमी झाली. असं होतं का?

होतं, आणि ती मोजणीतली चूक नसते. सलग झोत बाहेरच्या हवेपेक्षा मंद असेल तर तो सीमास्तराला ऊर्जा देण्याऐवजी त्यात आणखी मंद हवा भरतो. थर जाड होतो आणि आधीच सुटतो. आपल्या पंखावर सलग फुंकण्यातून ०.१ टक्का सी-म्यू काढायचा तर झोताचा वेग येतो सुमारे ५.४ मी/से, हवेच्या निम्म्याहून कमी. त्यात पंखाच्या नाकाजवळ स्थानिक वेग १२ पेक्षा बराच जास्त असतो, म्हणजे झोत प्रत्यक्षात आणखीच दुबळा ठरतो. सलगच फुंकायचं असेल तर झोताचा वेग त्या जागेच्या स्थानिक वेगापेक्षा जास्त ठेवा आणि फट अरुंद करून संवेग सांभाळा.

झटक्यांची वारंवारता किती ठेवायची?

झटके सीमास्तराला थेट ढकलण्यासाठी नसतात. सुटलेल्या थराची मुळातच भोवऱ्यांत गुंडाळला जाण्याची प्रवृत्ती असते. योग्य वेळी दिलेला छोटा धक्का त्या भोवऱ्यांना मोठं आणि नियमित करतो. मग तेच भोवरे बाहेरची वेगवान हवा खाली पृष्ठभागाकडे आणतात. काम हवा स्वतः करते, आपण फक्त ताल धरतो.

सुरुवातीसाठी नियम असा: वारंवारता × फटीपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर ÷ हवेचा वेग हा अंक १ च्या आसपास ठेवा. याला एफ-प्लस म्हणतात. फट नाकाजवळ असेल तर अंतर ०.१८ मी, १२ ÷ ०.१८ म्हणजे ६७ हर्ट्झ. तिथून खाली ०.५ पर्यंत आणि वर ४ पर्यंत, म्हणजे ३३ ते २७० हर्ट्झ, मोजत जा. सर्वोत्तम बिंदू कोनाप्रमाणे सरकतो. हवेचा वेग बदलला की वारंवारताही त्याच प्रमाणात बदलायची, हे अनेक जण विसरतात आणि मग १२ मी/से ला चाललेली मांडणी १८ ला चालत नाही म्हणून ऍक्च्युएटर (झटके देणारं उपकरण) उघडून बसतात.

फार जास्त वारंवारता, म्हणजे एफ-प्लस १० च्या पुढे, हीसुद्धा काम करते पण निराळ्या मार्गाने. तिथे मोठे भोवरे तयार होत नाहीत, फटीजवळच्या प्रवाहाचा आकार बदलतो आणि लिफ्ट कमी थरथरते. स्तरीय बुडबुड्याचं गणित आणखी वेगळं. त्याची स्वतःची अस्थिरता बरीच वरच्या वारंवारतेला असते आणि तिथे अगदी क्षीण धक्काही पुरतो. इतका क्षीण की वातबोगद्याच्या पंख्याचा आवाजसुद्धा निकाल बदलू शकतो.

फट नेमकी कुठे पाडायची?

हवा जिथे सुटते त्याच्या किंचित पुढे. नाकाजवळून सुटत असेल तर कॉर्डच्या १ ते ५ टक्क्यांवर. फ्लॅपवर सुटत असेल तर फ्लॅपच्या वळणावर, बिजागरीपाशी. सुटणं ७० टक्क्यांवर आणि फट ५ टक्क्यांवर असेल तर धक्का वाटेतच विरतो. सुटलेल्या भागाच्या आत, मागे फट पाडणं तर जवळजवळ व्यर्थच. संगणकाच्या भरवशावर जागा ठरवण्याआधी साध्या पंखावर तेल आणि रंगाचा थर लावून सुटण्याची रेघ पाहून घ्या. मॉडेल पुन्हा बनवण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

फट पृष्ठभागाशी जितकी लहान कोनात तितकी बरी. ३० अंश जमले तर उत्तम. काटकोनातला सलग झोत स्वतःच अडथळा बनतो. गोल छिद्रांतून फुंकत असाल तर झोत पृष्ठभागापासून ३० ते ४५ अंश वर आणि प्रवाहाच्या दिशेपासून बाजूला वळवा. मग प्रत्येक झोतामागे प्रवाहाच्या दिशेचा भोवरा तयार होतो आणि छिद्रं चिकटलेल्या पातीसारखी वागतात, फरक एवढाच की त्यांना बंद करता येतं.

सलग फुंकण्यासाठी पंखाच्या आतली पोकळी कशी असावी?

पोकळीचा छेद फटीच्या एकूण क्षेत्रफळाच्या किमान चौपट हवा. आपल्याकडे २ चौ. सेमी फट, म्हणून ८ चौ. सेमी पोकळी. एका टोकाने हवा भरली तर तिथे वेग ६ मी/से होतो, त्याचा गतिक दाब २२ पास्कल. फटीच्या ३५० शी तुलना करता दाबात ६ टक्के, झोताच्या वेगात ३ टक्के फरक. एवढा चालतो. पोकळी निम्मी केली तर दाबातला फरक चौपट होतो आणि पंखाचं एक टोक चिकटलेलं, दुसरं सुटलेलं असं चित्र दिसतं. मध्ये बारीक जाळी किंवा फोमची पट्टी टाकली तर वाटप आणखी सुधारतं.

फटीचे ओठ पातळ असले की दाबाने फुगतात. ०.५ मिमी फटीत ०.०५ मिमी चूक म्हणजे १० टक्के. दर ५० मिमीवर आत छोटे टेकू द्या, पण ते मागे निमुळते करा, नाहीतर प्रत्येकामागे मंद हवेची रेघ दिसेल.

पिझो चकतीचा ऍक्च्युएटर कसा बांधतात?

एक बंद पोकळी, तिच्या एका भिंतीला पिझो चकती (वीज दिली की वाकणारी सिरॅमिकची चकती), दुसऱ्या भिंतीला छिद्र किंवा फट. चकती आत-बाहेर होते, पोकळी हवा ओढते आणि फेकते. बाहेरून हवेचा पुरवठा शून्य, पण बाहेर फेकताना भोवऱ्याची कडी सुटून दूर जाते आणि ओढताना हवा आजूबाजूने येते, म्हणून सरासरीत झोत मिळतो. याला कृत्रिम झोत म्हणतात. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये आरी ग्लेझर यांच्या गटाने १९९० च्या दशकात ही कल्पना विकसित केली.

मापं उदाहरणादाखल: पोकळी २५ मिमी व्यास, २ मिमी खोल, छिद्र १ मिमी, भिंत १.५ मिमी जाड. छिद्रातल्या हवेची परिणामी लांबी दोन्ही तोंडांची दुरुस्ती धरून २.३५ मिमी होते आणि हेल्महोल्ट्झ अनुनाद (ज्या वारंवारतेला पोकळीतली हवा स्प्रिंगसारखी वागून छिद्रातली हवा सर्वात जोरात हलवते तो) येतो जवळपास १००० हर्ट्झला. चकतीचा अनुनाद बसवण्याच्या पद्धतीनुसार हजार ते काही हजार हर्ट्झ. दोन्ही जवळ आणले तर झोत सर्वात जोरकस मिळतो. पोकळी उथळ केली की पहिला आकडा वर जातो.

आता आपल्याला ६७ हर्ट्झ हवेत आणि चकती तिथे जवळपास मुकी असते. उपाय असा: चकती तिच्या अनुनादावरच चालवा, पण तो पुरवठा सेकंदाला ६७ वेळा चालू-बंद करा. चालू काळ एका फेरीच्या २५ ते ५० टक्के. प्रवाहाला ६७ हर्ट्झचा ताल जाणवतो.

जागेचा विचार आधीच करा. एनएसीए ००१५ ची ५ टक्क्यांवरची जाडी २०० मिमी कॉर्डला सुमारे १८ मिमीच आहे. २५ मिमीची चकती तिथे उभी मावत नाही. ती कॉर्डच्या दिशेने आडवी ठेवून छिद्रापर्यंत छोटी वाट काढावी लागते, आणि ती वाट लांबली की अनुनाद खाली येतो.

बिघाड ठरलेले आहेत. त्रिमितीय छपाईतून केलेली पोकळी थरांमधून गळते. आतून पातळ इपॉक्सीचा हात द्या. चकती कडेने घट्ट चिकटवली की हालचाल खुंटते, सैल ठेवली की खडखडते. सिलिकॉनची पातळ कडी दोन्ही बाजूंना ठेवणं बरं. सोल्डर करताना जास्त वेळ उष्णता दिली तर सिरॅमिकचं ध्रुवीकरण जातं आणि चकती दिसायला चांगली पण कामाला निकामी होते. एकाच खेपेतल्या चकत्यांचे अनुनाद सारखे नसतात, म्हणून प्रत्येकीचा मोजून जवळजवळचे गट करा. आणि फेकलेला हवेचा स्तंभ छिद्राच्या व्यासाच्या तुलनेत फार आखूड असला तर तीच हवा परत आत ओढली जाते, आवाज भरपूर, झोत शून्य. छिद्रासमोर धूर धरला की लगेच कळतं.

पिझोऐवजी स्पीकर चालेल?

वातबोगद्यातल्या मॉडेलसाठी अगदी चांगला चालतो. कमी वारंवारतेला तर तोच बरा. ५० चौ. सेमी परिणामी क्षेत्रफळाचा वूफर ६७ हर्ट्झला २ मिमी पुढे-मागे हलला तर आपल्या पूर्ण फटीत कागदावर २१ मी/से शिखरवेग येतो. गळती आणि घर्षण धरून निम्मा मिळाला तरी पुरे. तो मॉडेलच्या बाहेर, टोकाला जोडा आणि जोडणीची नळी रुंद व आखूड ठेवा. स्पीकरची मागची बाजूही बंद डब्यात हवी, नाहीतर ती वातबोगद्यालाच आवाज पोचवते. उडणाऱ्या पंखात मात्र स्पीकरचं वजन परवडत नाही.

प्लाझ्मा ऍक्च्युएटर सोपा दिसतो. त्यापासून सुरुवात करावी का?

बांधायला सोपा, हाताळायला धोकादायक. तांब्याची एक पट्टी वर उघडी, दुसरी विद्युतरोधक थराखाली झाकलेली, दोन्हींच्या कडा एकमेकींना भिडलेल्या. मध्ये कॅप्टॉन टेपचे काही थर किंवा जाड टेफ्लॉन. काही किलोव्होल्ट आणि काही किलोहर्ट्झचा पुरवठा दिला की कडेला जांभळट पट्टा उमटतो आणि पृष्ठभागालगत काही मी/से चा वारा सुटतो. हलणारा भाग एकही नाही, जाडी मिलिमीटरहून कमी. १२ मी/से च्या पंखावर नाकाला बसवून ६७ हर्ट्झने तोडून चालवला तर तो खरोखर उपयोगी पडतो, आणि १० टक्के चालू काळातही परिणाम दिसतो, त्यामुळे वीजही वाचते.

जोर व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घातात वाढतो. २० टक्के व्होल्टेज वाढवलं की जोर जवळपास दुप्पट. हाच मोह नडतो. एका मर्यादेनंतर एकसारख्या पट्ट्याच्या जागी चमकते धागे दिसू लागतात, जोर वाढायचा थांबतो आणि टेप जळून आरपार भोक पडतं. टेपखाली हवेचा बुडबुडा राहिला असेल तर ते भोक नेमकं तिथेच. ओलसर हवेत कामगिरी घसरते, पाण्याचा थर बसला तर बंदच पडतो. दाबमापक आणि बलमापकाच्या तारांत विद्युत गोंगाट शिरतो. तारा आच्छादित हव्यात आणि अर्थिंग एकाच जागी. ओझोन तयार होतो, म्हणून बंद फेरीच्या वातबोगद्यात बाहेर हवा काढण्याची सोय हवी. उच्च व्होल्टेजचं काम अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय, आणि आपोआप तुटणाऱ्या आवरण-स्विचशिवाय, करू नका.

डोलणारा झोत म्हणजे काय?

आतल्या वाटा अशा कोरतात की सलग पुरवलेली हवा कधी या भिंतीला, कधी त्या भिंतीला चिकटते आणि बाहेरचा झोत स्वतःहून डावी-उजवीकडे डोलतो. हलणारा भाग नाही, वीज नाही, फक्त दाबाची हवा. एका छिद्राने बरीच रुंदी झाकली जाते, त्यामुळे सलग फटीपेक्षा हवा कमी लागते. अडचण अशी की डोलण्याची वारंवारता पुरवठ्याशी बांधलेली असते. हवा वाढवली की तीही वाढते. दोन्ही स्वतंत्रपणे बदलून पाहता येत नाहीत.

मोठ्या विमानावर सर्वात पुढे गेलेली पद्धत बहुधा हीच. २०१३ साली बोइंग ७५७ च्या खऱ्या उभ्या शेपटीवर नासाच्या एम्स केंद्रातल्या ४० बाय ८० फुटी वातबोगद्यात ती तपासली गेली आणि रडर (उभ्या शेपटीचा वळणारा मागचा भाग) पूर्ण वळवलेला असताना बाजूचं बल २० टक्क्यांहून अधिक वाढलं. २०१५ मध्ये ७५७ इकोडेमॉन्स्ट्रेटर या बोइंगच्या चाचणी-विमानावर अशा ३१ नळ्या बसवून उड्डाणही झालं.

झोताचा वेग कसा मोजावा?

सलग झोतासाठी बारीक पिटॉट नळी पुरते. झटक्यांसाठी उष्ण तारेचा वेगमापक. त्याला दिशा कळत नाही, हे ध्यानात ठेवा. कृत्रिम झोताच्या तोंडाशी एका फेरीत दोन शिखरं दिसतात. त्यातलं मोठं बहुतेक फेकण्याचं, लहान ओढण्याचं. दोन्ही धरून सरासरी काढली तर आकडा फुगतो. तार तोंडापासून थोडी बाहेर नेली की लहान शिखर मावळतं आणि कुठलं कोणतं ते नक्की होतं.

सी-म्यू सांगताना शिखरवेग वापरला की वर्गमाध्यमूळ (आरएमएस), हे लिहाच. साध्या ज्या-वक्री हालचालीत दोन्हींच्या वर्गांत दुप्पट फरक असतो. दोन प्रयोगांची तुलना बिनसते ती पुष्कळदा इथेच.

तुलना कशाशी करायची?

एका नाही, तीन पंखांशी: फट टेपने बंद केलेला, फट उघडी पण ऍक्च्युएटर बंद, आणि नाकावर झिगझॅग पट्टी लावलेला. छोट्या रेनॉल्ड्स अंकाला नुसती उघडी फटसुद्धा सीमास्तर खळबळवते आणि स्टॉल पुढे ढकलते. तुमची सगळी ‘सुधारणा’ त्या पट्टीनेही मिळत असेल तर ऍक्च्युएटरची गरज नव्हती. फक्त पहिल्या तुलनेवर दिलेले मोठे आकडे संशयानेच वाचावेत.

सलग फुंकताना झोताची स्वतःची प्रतिक्रियाही बलमापकावर येते. वारा बंद ठेवून फक्त झोत चालवा, ते बल टिपा आणि वजा करा. सी-म्यू २ टक्के म्हणजे ०.१४ न्यूटन; ड्रॅगच्या मोजणीत हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

नळी जोडली की बलमापकाचे आकडे भरकटतात. काय करावं?

दाब भरला की नळी ताठ होते आणि मॉडेल ढकलते. नळी बलाच्या दिशेला काटकोनात आणा, शेवटचा भाग मऊ आणि सैल वळशाचा ठेवा, आणि दाब भरलेल्या स्थितीत ज्ञात वजनं लावून पुन्हा अंशशोधन (कॅलिब्रेशन) करा. शक्य असेल तर बलमापकावर अवलंबूनच राहू नका. मधल्या छेदावर ०.५ मिमीची २० ते ३० दाबछिद्रं पाडली की लिफ्ट त्यातून काढता येते आणि हवा कुठे सुटली तेही दिसतं: जिथून पुढे दाबाची रेघ सपाट, तिथून प्रवाह सुटलेला.

कोन वाढवताना एक निकाल, उतरवताना दुसरा. बरोबर कोणता?

दोन्ही. चिकटलेली हवा चिकटलेली ठेवायला कमी जोर लागतो, सुटलेली परत आणायला जास्त. म्हणून ऍक्च्युएटर कोन वाढवण्याआधी चालू केला की नंतर, हे नोंदवा. प्रत्येक कोनाला दोन्ही क्रमांनी मोजा. उड्डाणात यंत्रणा स्टॉलनंतर चालू होणार असेल तर दुसरा, कठीण आकडाच तुमचा.

चालू केल्यावर परिणाम किती वेळात दिसतो?

हवेला एक कॉर्ड ओलांडायला इथे ०.२ ÷ १२, म्हणजे १७ मिलिसेकंद लागतात. पूर्ण चिकटायला अशा साधारण दहा वेळा, म्हणजे सेकंदाच्या एक-दोन दशांशांच्या घरात. आणि पहिल्या क्षणी लिफ्ट वाढण्याऐवजी किंचित घटते, कारण सुटलेल्या थरातला मोठा भोवरा आधी वाहून जावा लागतो. दाबाचा संवेदक लावून स्वयंचलित नियंत्रण करणाऱ्यांना हीच उलटी उडी त्रास देते. नियंत्रक घाईचा केला तर तो घट पाहून आणखी जोर लावतो आणि झोके सुरू होतात. प्रतिसाद या विलंबापेक्षा सावकाशच ठेवावा लागतो. झुळकेवर मात करण्याची अपेक्षा त्यामुळे बेतानेच धरा.

ऊर्जेचा हिशोब जुळतो का?

सलग फुंकण्याचा घेऊ. २४ मी/से ला सेकंदाला ४.८ लिटर हवा म्हणजे झोतात १.७ वॅट. ब्लोअर आणि वाटांची एकूण कार्यक्षमता २० टक्के धरली तर ८.५ वॅट. समजा स्टॉलमध्ये ड्रॅग गुणांक ०.२ होता आणि तो ०.०४ झाला: बल १.४ न्यूटनवरून ०.२८ वर, १२ मी/से ला वाचले सुमारे १३.५ वॅट. फायदा आहे, पण वजन धरलं की काठावरचा. तसंही, स्टॉलमध्ये कुणी मुद्दाम उडत नाही, त्यामुळे ड्रॅगची ही बचत दाखवून यंत्रणा विकणं फसवं आहे. खरी मिळकत कमाल लिफ्टमध्ये आहे. ती ३० टक्के वाढली तर स्टॉलचा वेग १२ टक्के उतरतो आणि वेगाच्या वर्गावर चालणारं उतरण्याचं अंतर सुमारे २३ टक्के घटतं.

खऱ्या विमानांत हे कुठे वापरलं आहे?

इंजिनातून काढलेली हवा फ्लॅपवर फुंकणं ही सर्वात जुनी आणि रुळलेली वाट: एफ-१०४ स्टारफायटर, एफ-४ फँटम, मिग-२१ पीएफएम, बकानियर. जपानच्या यूएस-२ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानात चार पंखे फिरवणारी इंजिनं आहेत आणि पाचवं इंजिन केवळ सीमास्तरासाठी हवा दाबायला आहे. ती हवा फ्लॅपबरोबर शेपटीच्या नियंत्रण-पृष्ठांवरही सोडतात. ते आवश्यकच आहे: फुंकलेला फ्लॅप नाक जोराने खाली ढकलतो आणि इतक्या कमी वेगात साध्या शेपटीचा जोर अपुरा पडतो. झटक्यांची पद्धत एक्सव्ही-१५ या टिल्टरोटरवर (रोटर वर किंवा पुढे वळवता येणाऱ्या विमानावर) २००३ मध्ये उड्डाणात तपासली गेली, तिथे हेतू होता रोटरच्या खालच्या वाऱ्याने पंखावर येणारा भार कमी करणं.

एका बाजूची यंत्रणा बंद पडली तर?

हीच या पद्धतीची सर्वात मोठी अडचण, आणि प्रवासी विमानांत ती सर्रास न दिसण्याचं एक मुख्य कारण. कमी वेगात, जमिनीजवळ, एका पंखाची लिफ्ट अचानक गेली तर विमान उलटतं आणि सावरायला उंची नसते. एफ-१०४ मध्ये हवा इंजिनातून येत असल्याने वैमानिकांना पूर्ण फ्लॅपवर उतरताना चाकं टेकेपर्यंत इंजिन मंद करता येत नसे. छोट्या विमानात दोन्ही पंखांना एकाच पोकळीतून किंवा आडव्या जोडनळीने हवा द्या, म्हणजे गेली तर दोन्हीकडची जाते. पिझो असतील तर एका वाहिनीवर दोन्ही पंखांच्या समान जागांच्या जोड्या बांधा. शिवाय उतरण्याचा वेग यंत्रणा बंद धरून काढलेल्या स्टॉल-वेगापेक्षा फार खाली नेऊ नका.

एलेरॉनऐवजी, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांऐवजी, झोतांनी विमान वळवता येईल का?

येतं. मागची कडा गोल करून तिच्यावरून झोत सोडला तर तो वळणाला चिकटून खाली वळतो आणि पंखाभोवतीचं अभिसरणच (पंखाला वळसा घालणारा प्रवाह, ज्यावर लिफ्ट ठरते) बदलतो. ब्रिटनमधलं डेमॉन हे मानवरहित विमान २०१० मध्ये आणि मॅग्मा २०१९ मध्ये अशा तऱ्हेने उडालं. गोल कडेची किंमत झोत बंद असताना चुकवावी लागते: ड्रॅग वाढतो. छोट्या पंखावर ओठ आणि कडा यांच्यातली फट ०.२-०.३ मिमीच्या घरात येते आणि ती दोन्ही पंखांवर सारखी ठेवणं हेच अर्ध्याहून जास्त काम आहे.

धूळ, पाऊस, किडे?

फुंकणाऱ्या फटी स्वतःला बऱ्यापैकी स्वच्छ ठेवतात, ओढणाऱ्या छिद्रांत सगळं जातं. कृत्रिम झोत दोन्ही करतात, म्हणून १ मिमी छिद्र तीन-चार उड्डाणांत अर्धं बुजलेलं सापडू शकतं. पाण्याचा थेंब पोकळीत शिरला की अनुनाद सरकतो आणि चकती नीट असूनही झोत जातो. उड्डाणाआधी प्रत्येक ऍक्च्युएटर एकेक चालवून छिद्रासमोर छोटा मायक्रोफोन धरा. मागच्या नोंदीपेक्षा आवाज ठळक कमी असेल तर ती पोकळी उघडा.